दोसा? युसा!

माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, तुळशीवृंदावन आहे. नऊ वर्षांची असताना जत्रेत गोंदवून घेतलेलं. गोंदणारणीने तीन सुया दोऱ्याने एकत्र आवळल्या होत्या आणि मी रडू नये म्हणून ती काहीतरी गुणगुणत होती. मी रडायचं ते रडलेच. आजी म्हणाली, "गप. दागिने इथेच काढून घेतात. गोंदण तेवढं वर सोबत येतं." त्याला आता बावन्न वर्षं झाली. रेघा फुगल्या, रंग हिरवट पडला, आणि माहिती नसलेल्या माणसाला तो जुना मुका मार वाटावा असं त्या वृंदावनाचं रूप झालं आहे. एवढ्या वर्षांत त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. ती निघाली जपानमध्ये.

लेक टोकियोत निशिकासाईला राहते. तिच्याकडे दोन महिने राहायला गेले होते. ऑक्टोबरअखेरीस तिने सुट्टी काढली आणि जाहीर केलं, "आई, तुला समुद्राकाठच्या ओन्सेनला नेणार." ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा. मी म्हटलं, अगं, मी राजापूरची. समुद्र आमच्या तालुक्यात, ऊन पाणीही आमच्या तालुक्यात. गंगा, म्हणजे आमच्याकडचा मधूनच प्रकटणारा झरा, आली की आधी उन्हाळे गावच्या ऊन पाण्यात आंघोळ आणि मग गंगेवर, हे लहानपणापासून करत आलेय. त्यासाठी एवढे पैसे घालून जपानच्या दुसऱ्या टोकाला कशाला जायचं?

"तिथे तू साडी नेसून आंघोळ करतेस," ती म्हणाली. "इथे अंगावर काही नसतं."

मग तिची नजर माझ्या हातावर गेली आणि ती गप्प झाली.

तिने सांगितलं ते असं. जपानच्या जुन्या एदो राजवटीच्या काळात गुन्हेगाराच्या हातावर किंवा कपाळावर शिक्षा म्हणून गोंदत. १८७२ साली सरकारने गोंदण्यावर बंदीच घातली, ती उठली १९४८ साली. तोवर अंगभर नक्षी म्हणजे याकुझा, म्हणजे तिकडचे भाईलोक, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं होत गेलं. आजही कितीतरी सार्वजनिक स्नानगृहांवर गोंदणवाल्यांना मज्जाव असतो. २०१३ साली उत्तरेच्या होक्काइदो बेटावर न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी पाहुणीला हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात घेतलं नव्हतं, त्याची बातमी जगभर झाली होती. गंमत म्हणजे त्याच होक्काइदोतल्या मूळ रहिवासी ऐनू बायका पूर्वी ओठांभोवती गोंदवून घेत, आणि त्यांचंही सरकारने बंद पाडलं.

"पण मी काय भाई आहे?" मी विचारलं.

"तू तुळस आहेस हे त्यांना कसं कळणार?"

फोन करून विचारू या, असं मी सुचवलं. लेक म्हणाली, विचारलं की त्यांना 'नाही' म्हणायची सोय होते. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यामुळे हे तत्त्व मला लगेच पटलं. तिने दुकानातून कातडीच्या रंगाचं पातळ स्टिकर आणलं, गोंदण झाकायचं. फक्त ती कातडी जपानी होती. माझ्या सावळ्या हातावर ते लावलं तेव्हा गोंदण झाकलं गेलं आणि ठिगळ उघडं पडलं.

पहाटेच टोकियोहून निघालो. आकितापर्यंत कोमाची नावाची लाल शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. मोरिओकापर्यंत तिचा वेग ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जातो, पण डब्यात कुणाच्या चहावर तरंगही उठत नाही. ओमागारी स्टेशनात गाडी थांबली आणि आली त्याच बाजूने निघाली. मी घाबरून लेकीला हलवलं, "अगं, परत चालली!" तिथे गाडीची दिशा बदलते आणि आकितापर्यंतचा शेवटचा अर्धा तास सगळे पाठमोरे बसून जातात. कुणी मानही वळवली नाही.

आकिताहून पुढे गोनो लाइन. साधारण १४७ किलोमीटरांचा हा एकेरी मार्ग पश्चिम किनाऱ्याला चिकटून जातो. त्यावर १९९७पासून रिसॉर्ट शिराकामी नावाची पर्यटकांची गाडी धावते. तिचे तीन संच आहेत, त्यांची नावं निळं तळं, बीच नावाचा वृक्ष आणि काळा सुतारपक्षी. आम्हाला वृक्ष मिळाला. तिकीट काढताना लेकीने 'ए' रांगेतली जागा धरली होती, कारण समुद्र त्या बाजूला. नोशिरो स्टेशनच्या फलाटावर चक्क बास्केटबॉलची रिंग आहे. गावातली शाळा त्या खेळासाठी देशभर प्रसिद्ध, म्हणून गाडी थांबली की प्रवाशांनी उतरून एकेक चेंडू टाकायचा. माझा रिंगच्या खालून गेला. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे समुद्र आला तो रुळाला अगदी खेटून. काळा कातळ, त्यावर फुटणारं पांढरं पाणी, मध्येच चार घरांचं गाव आणि दारात वाळत घातलेली जाळी. देवगड-विजयदुर्गच्या बाजूला रेल्वे नेली असती तर अशीच दिसली असती. फक्त माड नाहीत. एवढा कातळ आणि माड नाही, हे डोळ्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही.

वेस्पा त्सुबाकियामा या छोट्या स्टेशनवर उतरलो. सराईची बस न्यायला आली होती. आओमोरी प्रांतातलं हे फुकाउरा गाव, आणि जिथे राहायचं ती जागा कोगानेझाकी फुरोफुशी ओन्सेन. कोगानेझाकी म्हणजे सोन्याचं टोक. फुरोफुशी म्हणजे म्हातारपण नाही आणि मरणही नाही. नाव ठेवणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही.

खोलीत तातामी, म्हणजे चटयांची जमीन, बुटकं टेबल, चहाचं सामान आणि प्रत्येकीसाठी घडी घातलेला युकाता. युकाता हा सुती झगा. जेवायला, फिरायला, आंघोळीला जाताना सराईत सगळेजण तोच घालून हिंडतात, त्यामुळे कोण साहेब आणि कोण शिपाई ते कळत नाही. मी तो नेसले आणि लेक आवरेपर्यंत बाहेर येऊन उभी राहिले. समोरून सफाईवाल्या मावशी आल्या, मला पाहून तोंडावर हात ठेवला आणि दोन पावलांत येऊन माझा झगा सोडवू लागल्या. मी उजवी बाजू वर घेतली होती. डावी वर घ्यायची असते. उजवी वर फक्त प्रेताला नेसवताना. न मरणाऱ्यांच्या झऱ्यावर मी मढ्यासारखी गुंडाळून निघाले होते.

आता आंघोळ. तिची रीत अशी की समुद्राकाठच्या कुंडाजवळ अंग धुवायची सोय नाही आणि तिथे साबण चालत नाही. म्हणून आधी आतल्या स्नानगृहात स्वच्छ व्हायचं, पुन्हा युकाता घालायचा, आणि मग बाहेर चालत जायचं. कपडे बदलायच्या खोलीत टोपल्या मांडलेल्या. मी पंजाबी ड्रेसचा आतला कुर्ता घडी करून ठेवला. घडी मोडली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा लेक म्हणाली, "आई, इस्त्री आणू का?" तोवर ती तयार होती. तिला असं मी शेवटचं पाहिलं ते ती सात-आठ वर्षांची असताना. आम्ही दोघींनी एकाच वेळी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

मात्र आत पाऊल टाकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. शॉवरखाली उभं राहून नाचणं नाही. ओळीने बुटकी स्टुलं, प्रत्येकीपुढे नळ आणि एक छोटं घमेलं. बसून, घमेल्याने अंगावर पाणी घेऊन, घासून आंघोळ करायची. म्हणजे पाट, बादली आणि तांब्या! टोकियोतल्या फ्लॅटमध्ये महिनाभर काचेच्या खोक्यात उभ्याने आंघोळ केली होती, इथे पहिल्यांदा नीट बसले. शेजारच्या बायका ज्या मन लावून टाचा घासत होत्या ते पाहून मला माझी आत्या आठवली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बघायला सवडच नव्हती.

दिवाळी चार दिवसांवर होती. लेकीने माझ्या हातातला साबण घेतला आणि काही न विचारता माझी पाठ चोळायला लागली. चांगली जोरात.

"अगं, कातडं निघेल!"

"तू दिवाळीला अशीच घासायचीस. उटण्याने."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी मान खाली घातली.

बाहेर पडलो तर वारा. समुद्राकडे जाणारी वाट, पायात ढगळ चपला, अंगावर झगा, खांद्यावर पंचा. सराईचा छोटा टॉवेल होता, पण मी राजापूरहून आणलेला पंचा घेतला होता. समोरून एक आजी परतत होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, पाठीत वाकलेल्या, गाल आतून शेकल्यासारखे लाल. आम्हाला पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "दोसा?"

मी लेकीकडे बघितलं. भूक लागली होती, म्हणून मला तसं ऐकू आलं असेल.

लेकीलाही क्षणभर कळलं नाही, आणि तिचं जपानी चांगलं आहे. मग ती एकदम खुलली आणि म्हणाली, "युसा!" आजींनी मान डोलावली. परतत होत्या त्या आमच्याबरोबर पुन्हा वळल्या.

ही त्सुगारु बोली. आओमोरीच्या या पश्चिम भागातली बोली टोकियोच्या माणसालाही धड कळत नाही म्हणून ती सगळ्या देशात प्रसिद्ध आहे, आणि तिचा ठरलेला नमुना म्हणजे हाच संवाद. दोसा, म्हणजे कुठे? युसा, म्हणजे ऊन पाण्याकडे. 'सा' लावला की 'कडे'. लेकीने हे कुठेतरी वाचलं होतं आणि खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं म्हणून ती हरखली होती. थंडीवाऱ्यात तोंड फार उघडावं लागू नये म्हणून इथली माणसं इतकं तोडून बोलतात, असं म्हणे सांगतात. आमच्याकडे मालवणीत "खंय?" म्हटलं की काम भागतं, आणि तिथे तर थंडीही नसते. तेव्हा हे कारण मला काही पटलेलं नाही.

कुंडं दोन, अगदी खडकांत. एक भोपळ्याच्या आकाराचं, तिथे बायका-पुरुष एकत्र. दुसरं आडोशापलीकडे, फक्त बायकांचं. आम्ही अर्थातच दुसरीकडे. पाणी गेरूच्या रंगाचं, अजिबात आरपार न दिसणारं. जमिनीतून निघतं तेव्हा ते नितळ असतं. त्यात लोह भरपूर, हवा लागली की ते गंजतं आणि पाणी लालसर तपकिरी होतं. वास थेट पावसाळ्यात धुऊन ओली ठेवलेल्या विळीचा. ओठांवर आलं तर खारट, समुद्राइतकंच. हे मीठ अंगावर पातळ थर धरतं, घाम सहज उडू देत नाही, म्हणून बाहेर आल्यावरही ऊब बराच वेळ टिकते. शाळेत विज्ञान शिकवत होते, तेव्हा एवढी चौकशी केल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही.

आणि गेरूच्या पाण्याचा मोठा गुण असा की गळ्यापर्यंत बसलं की लाज वगैरे सगळं पाण्याखाली जातं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो, बायका तो घडी करून डोक्यावर ठेवतात. मी पंच्याची चुंबळ केली. आता फक्त हंडा हवा होता.

समोर दोन हातांवर समुद्र. मध्ये भिंत नाही, कठडा नाही, काही नाही. लाट खडकावर आपटली की तिचे थंड तुषार तोंडावर येत आणि खाली अंग पोळत असे. बाहेरून आंघोळीपुरते येणारे लोक चारच्या आत निघून गेले होते, राहायला आलेल्यांना सूर्य बुडेपर्यंत बसता येतं. कुंडात आम्ही दोघी, त्या आजी आणि आणखी एक जोडी मैत्रिणींची. टोकियोचा समुद्र पूर्वेला, तिथे महिनाभर सूर्य इमारतींमागे गेलेला पाहिला होता. इथे तो पाण्यात बुडणार होता, आमच्या घरच्यासारखा. मी अगदी सैल झाले आणि हात पसरून बसले.

तेवढ्यात लेक कुजबुजली, "आई. हात."

हातावर तुळस होती. स्टिकर नव्हतं. ऊन खाऱ्या पाण्याने त्याचा डिंक सुटला होता आणि ते गेरूच्या पाण्यावर वाळक्या पानासारखं तरंगत निघालं होतं, सरळ आजींच्या दिशेने. लेकीने हात घातला तशी लाटेने ते आणखी पुढे गेलं. आजींच्या छातीला लागून थांबलं.

आजींनी ते उचललं. उलटंपालटं करून पाहिलं. मग माझ्याकडे बघत दुसऱ्या हाताने स्वतःच्या मनगटाजवळ बोट लावून विचारलं, "इताई?"

दुखतंय का? त्यांना वाटलं, जखमेवरची पट्टी सुटली.

मला पाण्याखाली हात लपवता आला असता. पण बाईने एवढ्या काळजीने विचारलं, आता खोटं काय दाखवायचं! मी हात पुढे केला. आजींनी तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला. चष्मा नव्हता ना. अंगठ्याने वृंदावनाच्या चौथऱ्यावरून हळूच घासून पाहिलं, डाग निघतो का ते. नाही निघाला.

"हाना?" फूल?

लेक म्हणाली, देवाचं झाड आहे, आमच्याकडे दारात असतं. आणि घाईघाईने पुढे बरंच काही बोलली, त्यात माफीचे शब्द तीनदा आले, ते मलाही ओळखता आले. आजींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "हो-ओ," आणि पाण्यातून डावा पाय वर काढला. नडगीवर वीतभर पांढरी वळी. मग सांगायला लागल्या. लेकीला त्यातलं निम्मं समजलं: सफरचंदाची बाग, शिडी, नवरा, बर्फ. शिडीवरून पडल्या होत्या एवढं नक्की. मला तर एकच शब्द कळला, रिंगो, म्हणजे सफरचंद. पण शिडी कशी सरकली ते त्यांनी हाताने असं दाखवलं की मी "आई गं!" म्हटलं, आणि त्यांना तेही समजलं.

सूर्य बुडताना कुणी बोललं नाही. फोटो काढायला बंदी, सगळ्यांचे फोन आत. घरी आल्यापासून जो तो विचारतो, फोटो दाखव. एकही नाही.

आजींनी निघताना ते स्टिकर माझ्या तळहातावर नीट पसरून ठेवलं. फेकायची वस्तू नव्हे ना त्यांच्या लेखी.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण माझं मत प्रतिकूल आहे. फुकाउरा ट्यूनासाठी नावाजलेलं. कच्चा ट्यूना पानात आला, लालभडक, आणि लेकीने डोळे मिटून खाल्ला. मासा माझ्या रक्तात आहे, पण त्याला विस्तव दाखवायचा असतो असा आमचा संस्कार. शंखातली भाजलेली मोठी गोगलगाय मात्र चवीला आमच्या कालवांच्या जवळची निघाली. भात उत्तम. कोकमाचं एक आगळ सोबत असतं तर मी त्या जेवणाला नावं ठेवली नसती.

रात्री वारा वाढला. सकाळी सहाला पंचा घेऊन खाली उतरले तर बाहेरच्या कुंडाकडे जायचं दार बंद आणि त्यावर पाटी. समुद्र खवळला की कुंडं बंद ठेवतात. आतल्या स्नानगृहाच्या काचेतून पाहिलं तर काल आम्ही बसलो होतो त्याच्या आसपास लाटा फुटून उडत होत्या. आत एकटीच अर्धा तास बसले. या वेळी कुर्त्याची घडी एकदाच केली, आणि हात पाण्यावर ठेवला.

बिलात माणशी १५० येनचा आंघोळीचा कर होता. तो मला फार आवडला. आंघोळीवर कर, आणि लोक भरतात!

पंचा वाळला तेव्हा लक्षात आलं, तो गेरूच्या रंगाचा झाला आहे. टोकियोत मशीनमध्ये दोनदा घातला, घरी येऊन रिठ्यात भिजवला. कामाला येणाऱ्या सुनंदाबाई विचारतात, "बाई, याला गंज कसा लागला?" एका अर्थी बरोबरच आहे.

निघताना बसपाशी त्या आजी पुन्हा भेटल्या. आज युकाता नव्हता, रुईच्या कापसासारखा पांढरा स्वेटर आणि पाठीवर गाठोडं. त्यांना घ्यायला मुलाची गाडी येणार होती. माझ्या हाताकडे बोट करून त्या हसल्या. मी बाही वर केली आणि तुळस दाखवली. बसचं दार उघडलं.

"दोसा?" आजींनी विचारलं.

"राजापूरसा," मी म्हटलं.

"आई, टोकियोसा," लेक म्हणाली.

आजींनी दोघींकडे बघून दोनदा मान डोलावली.